दुतोंड्याला पाणी कुठवर?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात. ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नाशिककर एकमेकांना फोन करून एवढंच विचारतात, "दुतोंड्याला कुठवर?" गोदावरीच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की टपऱ्या हलवायच्या. कमरेला आलं की सराफ बाजाराने सावध व्हायचं. छातीच्या वर गेलं की पूर मोठा आहे, हे कुणी सांगावं लागत नाही.

साथ आली की हातावर पोट असलेल्या घरांच्या मनाचं काय होतं आणि त्यांना आधार कसा द्यायचा, हे समजावताना मी याच मारुतीचं माप वापरते. कारण मनाच्या बाबतीत आपल्याला दोनच टोकं माहीत असतात. एक तर "काही नाही रे, उगाच टेन्शन घेतोस", नाहीतर थेट "वेड्याच्या डॉक्टरकडे न्या". मधलं पाणी कुणी मोजतच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मोठ्या मदतसंस्था यांच्या एका समितीने २००७ साली संकटकाळातल्या मानसिक आधारासाठी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. त्यात हे मधलं पाणी चार थरांत मांडलंय. तळाचा, सगळ्यात रुंद थर म्हणजे अन्न, निवारा, औषधपाणी, सुरक्षितता. त्यावर घर आणि शेजारपाजार. त्यावर थोडं शिकून घेतलेला, पण डॉक्टर नसलेला माणूस. आणि अगदी वरच्या टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. गुडघा, कंबर, छाती, गळा असं म्हणा हवं तर. गुडघाभर पाण्यात अख्खी वस्ती उभी असते, गळ्याशी थोडीच माणसं असतात. मात्र खालचं पाणी उपसलं नाही तर तेच हळूहळू वर चढतं.

आकड्यांबद्दल एकदाच बोलते. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचे आजार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. दर चार माणसांतलं एक आजारी पडलं असा याचा अर्थ पुष्कळ जण काढतात, तो चुकीचा. आधी शंभर जण आजारी असतील तर ते सव्वाशे झाले, एवढंच ते वाक्य सांगतं. शिवाय हे झाले आजाराचे आकडे. ज्यांची झोप उडाली, ज्यांना अन्न गोड लागेना, ज्यांचा हात पोरांवर उठायला लागला, पण डॉक्टर ज्याला आजार म्हणणार नाही, ती माणसं या सव्वाशेत नाहीतच. वस्तीत बहुतेक घरं त्यांचीच.

ही माणसं "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाहीत. "जीव घाबरा होतो", "डोकं बधिर झालंय", "हातापायातलं बळच गेलं", "आतून कसंतरी होतं" असं म्हणतात. गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, एक सलाईन लावा" म्हणतात. डॉक्टर बीपी बघतो, पित्ताची गोळी देतो, सलाईन लावतो. त्या पलंगावर तासभर निवांत पडायला मिळतं, कुणी हाक मारत नाही, म्हणून बरंही वाटतं. (माझं मत विचाराल तर त्या सलाईनमधलं अर्धं औषध तो तासभराचा पलंगच असतो.) ताण अंगातून बोलतो, हे मदत करणाऱ्याने आधी शिकून घ्यावं. दुखणं खोटं नसतं. धोका दिसला की शरीर पळायच्या तयारीत येतं. छाती धडधडते, स्नायू आवळतात, पोट बिघडतं. समोर बिबट्या असेल तर हे उपयोगाचं, आणि बिबट्या काही वेळाने निघून जातो. थकलेलं घरभाडं निघून जात नाही. शरीर महिनोन् महिने पळायच्या तयारीतच राहतं.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला, तेव्हा आमचा चार-सहा जणांचा गट सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागच्या वस्त्यांत शिधा वाटायला लागला. मुंबई-भिवंडीकडून कसारा घाट चढून आग्रा रोडने उत्तरेकडे पायी निघालेली माणसं सगळ्या देशाने पाहिली. नाशिककरांनी त्यांना पोळीभाजी दिली, चपला दिल्या. वस्तीतली माणसं चालत नव्हती, म्हणून दिसली नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, वर तापलेला पत्रा. पुरुषांचं कंपनीतलं कंत्राटी काम बंद. बायकांची धुणीभांडी बंद, कारण सोसायट्यांनी फाटकं लावून घेतलेली.

तिथे एका ताईच्या हातात मुलीची शाळेची वही होती. मागच्या पानावर चार ओळी: घरभाडं, फायनान्सचा हप्ता, किराणा दुकानाची उधारी, गावाकडे सासूचं बीपीचं औषध. प्रत्येक ओळीपुढचा आकडा इतक्यांदा खोडून पुन्हा लिहिला होता की तिथे कागद फाटायला आला होता. आकडे तेच होते. बदलत होता तो क्रम, आधी कुणाचं द्यायचं याचा. "ताई, दिवसभर हेच करते," ती म्हणाली. "भात करपला तरी वास येत नाही मला."

या वासाचं शास्त्र आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतल्या ऊसवाल्या शेतकऱ्यांना दोनदा कोडी घातली होती. एकदा तोडणीआधी, हात अगदी रिकामे असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर. माणसं तीच, पण पैसे आल्यावर त्यांना कोडी जास्त चांगली सुटली. टंचाई डोक्यातली जागा खाते, असा त्याचा साधा अर्थ. लासलगावला कांदा पडून असलेल्या किंवा फवारणीची उधारी थकलेल्या कुणालाही हे अभ्यासाशिवाय पटेल. तेव्हा गोळ्यांची वेळ चुकणारी, पोरावर खेकसणारी, तीनदा सांगितलेलं विसरणारी बाई बेफिकीर आहे, असं ठरवून टाकण्याआधी तिच्या वहीचं मागचं पान बघावं.

मी त्या ताईला दीर्घ श्वास घ्यायला सांगू शकले असते. श्वासाचे व्यायाम वाईट नसतात. पण त्या दिवशी तिला दुसरीच गोष्ट सांगायची होती. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली होती, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. ही हप्त्याची माफी नव्हती, व्याज चढतच होतं, आणि सवलत द्यायची की नाही हे कर्ज देणाऱ्याच्या हातात होतं. तिच्या गल्लीत यातलं अर्धंच पोचलं होतं. कुणी म्हणत होतं हप्ता माफ झाला, कुणी म्हणत होतं सगळी अफवा. आम्ही फायनान्सवाल्याला तिच्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. सवलत मिळाली. तिने वहीतली ती ओळ खोडली नाही, तिच्यापुढे 'नंतर' असं लिहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो फोन हे मानसिक आरोग्याचंच काम होतं. ती त्या कामाची नुसती पूर्वतयारी नव्हती, किंवा त्याला चिकटवलेली समाजसेवाही नव्हती. आपल्याकडे समुपदेशन एका टेबलावर आणि रेशनकार्ड दुसऱ्या टेबलावर असतं. मध्ये जी बाई उभी असते तिचं डोकं एकच असतं.

मृत्यू झालेल्या घरांत तर हे फारच लखलखीत दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्या प्रत्येकामागे ५०,००० रुपये वारसाला मिळायला लागले. चाचणी झाल्यापासून ३० दिवसांत गेलेला माणूस त्यात धरायचा, असं ठरलं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची मुदत ठेव ठेवायचं जाहीर केलं, आणि एक पालक गेला असेल तरी बाल संगोपन योजनेचा दरमहा आधार मागता येतो. वाचायला सोपं आहे. पण जिच्या नवऱ्याचे सगळे व्यवहार नवऱ्याच्याच मोबाइलवर होते, त्या मोबाइलचा पॅटर्न तिला माहीत नाही, मृत्यूच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी चुकलीय आणि दीर म्हणतोय पैसे माझ्या खात्यात घेऊ, तिला अर्ज भरायला बसायचं म्हणजे त्या माणसाचं मरण पुन्हा एकदा ओळीओळीने लिहायचं असतं. अशा वेळी सोबत बसून फॉर्म भरणारं कुणीतरी लागतं. रांगेत उभं राहणारं लागतं. दाखला दुरुस्त करायला महापालिकेच्या कचेरीत तिच्याबरोबर तीन खेपा घालणारं लागतं, आणि तिसऱ्या खेपेला ती रस्त्यात रडली तर रिक्षा थांबवून चहा पाजणारंही.

मदत देताना आणखी एक भान लागतं, ते लाजेचं. कष्टाने खाणाऱ्या माणसाला हात पसरायची सवय नसते. शिवभोजन थाळी दहा रुपयांना होती, टाळेबंदीत ती पाच रुपयांना केली. कित्येक जण ते पाच रुपये टेबलावर आपटून ठेवायचे, ऐकू जाईल असे. ते पाच रुपये मला फार मोलाचे वाटतात. आणि शिध्याच्या पिशवीबरोबर काढलेला फोटो मला अजिबात सहन होत नाही. पिशवी संपते, फोटो व्हॉट्सअॅपवर राहतो, आणि पोरगं शाळेत चिडवून घेतं.

आता कमरेचं पाणी. गरीब वस्तीची खरी श्रीमंती म्हणजे शेजार. उसनी साखर, तान्ह्याला घटकाभर धरणारी शेजारीण, ओट्यावरची संध्याकाळ, गटाची बैठक, भिशी. साथीने नेमकं हेच तोडलं. गल्लीला पत्रे ठोकले गेले. ज्या घरी रुग्ण निघाला त्या घरच्यांना सार्वजनिक नळावर येऊ देईनात. आजारापेक्षा हे जास्त दिवस टिकलं. मालेगावात २०२० च्या एप्रिल-मेमध्ये रुग्ण वाढले, यंत्रमाग थांबले, आणि त्या गावाचं नाव घेतलं तरी लोक दोन पावलं मागे सरायला लागले. रोग एखाद्या गावाला किंवा जातीधर्माला चिकटवला की तिथले लोक लक्षणं लपवतात, आणि मग साथही आवरत नाही आणि मनंही.

मरणाचंही तसंच. ज्या नाशकातल्या रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, त्या गावातल्या कितीतरी घरांना आपल्या माणसाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. पिशवीत बांधलेला देह, दोघा-चौघांत उरकलेलं सगळं. दहावा-तेरावा नाही, भेटायला येणारं कुणी नाही. विधी मानावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तेरा दिवस घरात माणसं येतात, त्याच त्याच गोष्टी पुन्हा बोलल्या जातात, कुणीतरी बळेच दोन घास भरवतं, यातून मन त्या मरणाला हळूहळू जागा देतं. ते झालं नाही तर दुःख अडकून राहतं. सहा महिने उलटून गेल्यावरही रोजचं जगणं ठप्प असेल, माणूस त्या एकाच ठिकाणी थिजलेला असेल, तर आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही त्याची लांबलेलं दुःख म्हणून वेगळी नोंद आहे. अर्थात सहा महिन्यांनी रडू येणं हा आजार नव्हे, वर्षाने आलं तरी नव्हे. आमच्याकडे एका गल्लीने २०२२ च्या पितृपक्षात गेलेल्या सगळ्यांचे फोटो एकाच ओट्यावर मांडले, खिरीचा नैवेद्य केला आणि प्रत्येक घराने आपल्या माणसाचा एकेक किस्सा सांगितला. कुणी तज्ज्ञ बोलावला नव्हता. तोवर गप्प असलेला एक म्हातारा बायकोच्या भांडणांच्या गोष्टी सांगून सगळ्यांना हसवून गेला.

मुलांना लागतं ते थोडं आणि रोजचं. झोपायची वेळ, एक जेवण सगळ्यांबरोबर, आणि खरं उत्तर. "पप्पा गावाला गेलेत" हे उत्तर देऊ नये. मूल दारात वाट बघत बसतं. मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, पदर सोडेना किंवा एकदम शहाण्यासारखं वागून कामाला लागलं, तर लक्ष द्यावं. शेवटच्याकडे सगळ्यात जास्त, कारण त्याचं तेवढं कौतुक होतं आणि विषय संपतो.

छातीशी पाणी आलेल्या माणसाला शेजार पुरत नाही, पण डॉक्टरही लगेच लागत नाही. इथे सगळ्यात जास्त करता येण्यासारखं आहे आणि इथेच आपण सगळ्यात कमी केलंय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांतल्या दहापैकी आठांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नाही. मग उरतो तो साधा माणूसच, थोडं शिकवलेला.

याचा एक चांगला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झालाय, आणि नाशकातच तो फार कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' हे काम सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत केलं. बचत गटातल्या बायका, शेतकरी, गावात ज्यांचं ऐकलं जातं अशी माणसं निवडली. काहींनी मित्र व्हायचं, म्हणजे कोण गप्प झालंय, कोण बैठकीला यायचं बंद झालंय यावर नजर ठेवायची. काहींनी प्रशिक्षण घेऊन त्या माणसाला चार ते सहा वेळा भेटायचं. हातात मोबाइल, त्यावर दारू, मारहाण, बेकारी अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म, म्हणजे बोलायला निमित्त. आणि त्याच माणसाने सरकारी योजनेचा लाभही मिळवून द्यायचा. वर दोन टेबलांबद्दल म्हणाले, इथे ती एकत्र आली. नंतर हे काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेलं.

झिंबाब्वेतल्या आज्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तिथल्या शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे "विचार करून करून डोकं फुटायला आलं" म्हणतात तेच. दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसतात आणि फार विचार करणाऱ्यांशी बोलतात. २०१६ मध्ये त्याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी बाकावर बसून गेलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी होता.

या आज्या, हे मित्र नेमकं करतात काय? उपदेश नाही करत, हे पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली साध्या माणसांना शिकवता येईल अशी पाच बैठकांची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. त्रासाची यादी करायची आणि तिचे तीन ढीग करायचे: सुटण्यासारखे प्रश्न, आपल्या हातात नसलेले, आणि खरं तर बिनमहत्त्वाचे. त्या ताईच्या वहीवर आम्ही पुढे हेच केलं. सासूचं औषध सुटण्यासारखं निघालं, बीपीच्या गोळ्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, आशाताईला फोन केला की झालं. घरभाडं मधल्या ढिगात. सरकारने एप्रिलमध्ये घरमालकांना भाडं तीन महिने मागू नका असं सांगितलं होतं, पण तिचा मालकही त्या चार खोल्यांच्या भाड्यावरच जगत होता, तेव्हा तो प्रश्न पूर्ण कुणाच्याच हातात नव्हता. उधारी तिने स्वतःच उचलून तिसऱ्या ढिगात टाकली. "दुकानदार कुठे पळतोय," म्हणाली. तिच्या तोंडावर मी तोवर हसू पाहिलं नव्हतं.

दुसरी युक्ती उलटी वाटते. "मन लागलं की करीन" असं माणूस म्हणतो. नैराश्यात मन लागायची वाट बघत बसलं तर ते लागतच नाही. आधी करायचं, मन मागून येतं. पण करायचं ते अगदी बारकं हवं. "घराबाहेर पडा, छंद जोपासा" हे निरुपयोगी. "उद्या सकाळी सात वाजता कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची आणि येताना शेजारच्या काकूंना हाक मारायची" हे उपयोगाचं.

आणि ऐकणं. त्यात न बोलायच्या गोष्टीच जास्त आहेत. "धीर धर", "देवाची मर्जी", "तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत" ही तिन्ही वाक्यं दार लावून घेतात. झालेला प्रसंग खोदून खोदून वदवून घेऊ नये. "रडून मोकळी हो, सगळं सांग" म्हणून केलेली जबरदस्ती घातक ठरू शकते, म्हणून संकटानंतर लगेच अशी एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेच नको म्हटली आहे. सांगेल तेवढं ऐकावं. पाणी द्यावं. शेवटी विचारावं, "आज रात्री घरी कोण आहे?" फोनवर बोलत असाल आणि नवरा शेजारीच बसलाय अशी शंका आली तर प्रश्न असे विचारावे की हो-नाहीत उत्तर देता येईल: "आत्ता बोलता येतंय का? उद्या दुपारी करू?" मारहाण होत असेल तर १८१ आणि ११२, मुलांसाठी १०९८. हे आकडे बायकांनी आपल्या फोनमध्ये 'गॅसवाला' अशा नावाने ठेवलेले मी पाहिलेत. शहाणपणाचं आहे.

गळ्याशी पाणी आलंय हे ओळखताना चूक होऊ नये. टाळेबंदीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका वस्तीत एक बाई शिध्याची पिशवी बाजूला ठेवून म्हणाली, "मालकांना घाम सुटलाय, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात म्हणतात." घरात लिंबू-मिरची बांधून झाली होती. दारूची दुकानं बंद झाली होती आणि रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली होती, बाधा वगैरे काही नव्हती. अशा माणसाला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, आणि हे दवाखान्यात आवरता येतं. "बरं झालं सुटली" म्हणून घरी ठेवू नये. तसंच, आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या गोळ्या साथीच्या काळात संपल्या आणि आजार उलटला, असं बऱ्याच घरांत झालं. शिध्याची यादी करताना "कुणाची कायमची औषधं आहेत?" हा रकाना तेलाच्या रकान्याइतकाच लागतो.

जगायचं नाही असं कुणी सुचवत असेल तर सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. बहुतेकदा विचारल्यावर सुटकेचा श्वासच ऐकू येतो. त्या रात्री माणसाला एकटं सोडायचं नाही, शेतीची औषधं घराबाहेर कुलपात आणि चावी शेजाऱ्याकडे, आणि सकाळी दवाखाना. पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, आणि त्याला उपचार द्यायचे, असं स्पष्ट सांगितलंय. हे सांगितलं की निम्म्या घरांची दारं उघडतात.

कुठे जायचं? "मेंटल हॉस्पिटलात टाकतील" ही दुसरी भीती. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, आणि बहुतेकांना तिथे जायची गरजच पडत नाही. सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवता येतं. फोनवर बोलायचं तर ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस आहे, क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

राहिल्या आशाताई. वर मी सहज लिहिलं की त्यांना फोन करा. सगळेच तसं म्हणतात. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि साथीत त्या दारोदार फिरत होत्या तेव्हा काही दारं तोंडावर आपटली गेली. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशाताई संपावर गेल्या, ते उगाच नाही. मन सावरणारीचं मन कोण बघतं, या प्रश्नाला आमच्या गटाने एक तोडगा काढला होता. दर शुक्रवारी तासभर नुसतं बसायचं, चहा, भेळभत्ता, आणि कामाबद्दल कुणी काही शिकवायचं नाही. एका आशाताईने पहिल्या दोन शुक्रवारी फक्त झोप काढली. आम्ही पंख्याचा वेग वाढवून दिला.

शेवटची गंमत रेशन दुकानाच्या फळ्याची. १४४१६ हा आकडा वस्तीत कुठे लिहावा यावर बरीच चर्चा झाली. समाजमंदिर, अंगणवाडी अशी नावं आली. मग एक मावशी म्हणाली, जिथे सगळे दर महिन्याला जातातच तिथे लिहा. दुकानदार तयार झाला. तांदूळ-गव्हाच्या खाली आम्ही लिहिलं, 'मानसिक आरोग्य सल्ला: १४४१६'. महिनाभर कुणी तिकडे बघितलं नाही. उलट दुकानदाराला लोक विचारायचे, तुमच्याकडे वेड्यांचं कधीपासून सुरू झालं? मग ते पुसून लिहिलं, 'झोप लागत नाही? जीव घाबरतो? बोला, फुकट आहे. १४४१६'. त्या दिवशी लोक मोबाइलने फळ्याचा फोटो काढायला लागले, धान्याच्या भावाचा काढल्यासारखा दाखवत. आठवड्याने गेले तर खाली खडूने, वेगळ्याच वळणाच्या अक्षरात कुणीतरी विचारलं होतं, 'रात्री पण उचलतात का?' आणि त्याच्याखाली दुकानदाराच्या अक्षरात, 'हो. अडीच वाजता उचलला.'